बक कन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी भटकते? आयसीला शेवटी हात लावा

लक्षणं

बक कन्व्हर्टर म्हणजे वेगाने चालू-बंद होऊन जास्त डीसी व्होल्टेज कमी करणारं छोटं मॉड्यूल. त्याच्यावरची कॉइल बारीक शिट्टी मारते आणि लोड वाढला की शिट्टीचा सूर बदलतो. मल्टीमीटरवर आउटपुट पाच व्होल्ट दिसतं, तरी त्यावर चालणारा कंट्रोलर मधूनच रीसेट होतो. स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला तर स्विच पिनवरच्या, म्हणजे आयसीच्या कॉइलकडे जाणाऱ्या पायावरच्या पल्स एका जागी थांबत नाहीत. एक रुंद, एक अरुंद, पुढच्या दोन गायबच. फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे सेकंदाला किती पल्स याचा आकडा १५० किलोहर्ट्झवरून ९०, तिथून २१० असा नाचतो. कधी कन्व्हर्टर टिक-टिक करत चालू-बंद होत राहतो. कधी डायोडवर बोट ठेवता येत नाही इतका तो तापलेला असतो. आणि कधी सगळा त्रास फक्त सकाळी, ऊन वर आलं की आपोआप सुरळीत.

यातलं एक-दोन जरी जुळत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. माझ्या टेबलावर असे बोर्ड वर्षभर येतात. नाशिकजवळच्या दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागांतले ठिबकचे कंट्रोलर, मोबाईलवरून चालणारे मोटार स्टार्टर, बागेतल्या हवामान केंद्रांचे डबे, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पॅनलमधली २४ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारी छोटी मॉड्यूल. त्यातल्या बऱ्याच बोर्डांची आयसी आधीच कुणीतरी बदललेली असते आणि दोष जिथल्या तिथे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फ्रिक्वेन्सी आयसी ठरवते हे खरं, पण ती भटकते तेव्हा बहुतेक वेळा बिचारी आयसी इनपुट, लोड (आउटपुटवर चालणारी वस्तू) किंवा फीडबॅक (आउटपुट किती झालं ते आयसीला कळवणारी वाट) यांच्याकडून जे येतंय त्याच्याशी झगडत असते. म्हणून खालचा क्रम फुकटापासून महागाकडे लावला आहे.

आधी ठरवा, हा दोष आहे का

आउटपुटवर लोड नसेल किंवा नगण्य असेल, तर पल्स गाळणं हे कितीतरी आयसींचं ठरवून दिलेलं काम आहे. एमपी१५८४ ही आयसी हलक्या लोडवर वीज वाचवायला फ्रिक्वेन्सी स्वतःहून खाली आणते. कॉन्स्टंट ऑन-टाइम, म्हणजे पल्सची रुंदी आधी ठरवून चालणाऱ्या जातीच्या आयसींची फ्रिक्वेन्सी मुळात पक्की नसतेच, ती इनपुट आणि लोडप्रमाणे सरकते. गाड्यांसाठी बनवलेल्या काही आयसी रेडिओत खरखर येऊ नये म्हणून ती मुद्दाम काही टक्के मागेपुढे हलवतात. एलएम२५९६ मात्र १५० किलोहर्ट्झवर आणि तिची थोरली बहीण एलएम२५७६ ही ५२ किलोहर्ट्झवर पक्की चालायला हवी. तेव्हा पहिलं काम, आयसीवरचा नंबर वाचा आणि डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक उघडा. नाहीतर साप म्हणून भुई धोपटणं होतं.

दुसरं काम, खरा लोड काढून एक साधा लोड लावा. ५ व्होल्टच्या आउटपुटला १० ओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर पुरतो. अर्धा अँपिअर घेतो, अडीच वॅट जाळतो, चांगला तापतो, म्हणून लाकडी टेबलावर तसाच ठेवू नका. नाशिकच्या एम. जी. रोडवर कंपोनंटच्या कुठल्याही दुकानात मिळेल. या लोडवर फ्रिक्वेन्सी स्थिर झाली तर तुमचा कन्व्हर्टर ठणठणीत आहे आणि गडबड लोडच्या स्वभावात आहे.

असा स्वभाव असलेला आमच्याकडचा नेहमीचा आरोपी म्हणजे स्टार्टरमधलं २जी सिम मॉड्यूल. ते सिग्नल पाठवतं तेव्हा दर ४.६ मिलिसेकंदांत साधारण ०.५८ मिलिसेकंद एवढाच वेळ करंट ओढतं, पण तेवढ्यात दोन अँपिअरपर्यंत जातं. उरलेल्या वेळात जवळजवळ काहीच नाही. म्हणजे सेकंदाला २१७ वेळा कन्व्हर्टर रिकाम्या लोडवरून भरगच्च लोडवर जातो आणि परत येतो. स्कोपवर हे हुबेहूब भटकणाऱ्या फ्रिक्वेन्सीसारखं दिसतं. जुन्या रेडिओजवळ मोबाईल ठेवला की जी घरघर यायची तीच ही. यात कन्व्हर्टरचं काही बदलायचं नाही. सिम मॉड्यूलच्या सप्लायच्या पायांशी अगदी लागून मोठा, लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर द्या आणि तिथपर्यंतची वायर आखूड व जाड करा.

इनपुट मोजा, पण मॉड्यूलच्या पायाशी

"भाऊ, सप्लाय बारा व्होल्ट येतोय, मी स्वतः मोजला." हे वाक्य मी नेहमी ऐकतो. माझा प्रश्न एकच असतो, कुठे मोजला? सप्लायच्या टर्मिनलवर बारा असणं आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला, मॉड्यूलच्या इनपुटला, लोड चालू असताना बारा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशोब करून बघा. ०.७५ चौरस मिलिमीटरची दोन कोअर केबल १०० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन २०० मीटर तांबं झालं. त्याचा रेझिस्टन्स सुमारे ५ ओहम. सप्लाय १२ व्होल्ट. या तारेतून पलीकडे जास्तीत जास्त किती वॅट पोहोचू शकतात? बाराचा वर्ग १४४, भागिले पाचाची चौपट म्हणजे २०. उत्तर ७.२ वॅट, आणि तेही अर्धं व्होल्टेज तारेतच संपल्यावर. सिम मॉड्यूलला ४ व्होल्टवर २ अँपिअर हवे असतात त्या क्षणी ८ वॅट लागतात, कन्व्हर्टरचं स्वतःचं नुकसान धरून ९. गणितच जुळत नाही. साधा लोड असता तर व्होल्टेज पडलं की करंटही कमी झाला असता. बक कन्व्हर्टर उलटा वागतो, आउटपुट टिकवायचं म्हणून इनपुट पडलं की तो जास्त करंट ओढतो. त्याने इनपुट आणखी पडतं. शेवटी आयसी बंद पडते, लोड सुटतो, व्होल्टेज परत चढतं, आयसी पुन्हा सुरू होते. हीच ती टिक-टिक.

उपाय दोन. केबल जाड करा किंवा लांबच्या ओढीसाठी २४ व्होल्ट पाठवा. ते जमत नसेल तर मॉड्यूलच्या इनपुटला १००० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर लावा. त्या ०.५८ मिलिसेकंदाच्या झटक्याला लागणारी सगळी ऊर्जा त्यातून गेली, तरी १० व्होल्टवरून तो जेमतेम अर्धा व्होल्ट खाली येतो. त्याच जागी ४७ मायक्रोफॅरडचा असेल तर पूर्ण रिकामा होऊनही निम्मी गरज भागत नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. लांब केबल चालू असताना मॉड्यूलला जोडू नका. तारेचं इंडक्टन्स आणि इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर मिळून जोडणीच्या क्षणी व्होल्टेज जवळजवळ दुपटीपर्यंत उसळू शकतं. २४ चे ४८ झाले की ४० व्होल्टची एलएम२५९६ तिथेच संपते. आधी जोडा, मग सप्लाय चालू करा. इनपुटला साधा इलेक्ट्रोलिटिक असला तर तो ही उसळी बऱ्यापैकी शोषतो.

डोळे, कान आणि जुना रेडिओ

टर्मिनलचे स्क्रू आवळा. कॉइलच्या पायांचं सोल्डर भिंगातून बघा. कॉइल जड असते, मोटारीच्या थरथरीने तिच्या पायाभोवती गोल तडा जातो. फुगलेला कपॅसिटर, करपलेला बोर्ड, मुंग्यांचं घर. हो, मुंग्यांना हे डबे फार आवडतात.

स्कोप नसेल तर मीडियम वेव्ह असलेला खिशातला रेडिओ मॉड्यूलजवळ धरा. १५० किलोहर्ट्झच्या कन्व्हर्टरचे गुणक ६००, ७५०, ९०० किलोहर्ट्झवर सापडतात. फ्रिक्वेन्सी पक्की असेल तर त्या जागी एक ठाम, शांत पट्टा मिळतो. भटकत असेल तर सगळीकडे खरखर पसरते. मल्टीमीटरच्या हर्ट्झ रेंजवर मात्र विसंबू नका. पल्स गळत असतील तर तो कसलाही आकडा दाखवतो.

स्कोप लावताना

निम्मे 'दोष' इथेच पैदा होतात. प्रोबची ती वीतभर लांब काळी ग्राउंड वायर आणि तिचा क्लिप अँटेनासारखं काम करतो. प्रोबची टोपी काढा, टोकाजवळच्या कड्याला छोटी स्प्रिंग लावा आणि इनपुट कपॅसिटरच्या ग्राउंडला टेकवा. ट्रिगर स्विच पिनच्या चढत्या कडेवर, साधारण मध्यावर. टाइमबेस असा ठेवा की चार-पाच पल्स दिसतील. २४ वरून ५ व्होल्ट करणाऱ्या एलएम२५९६ मध्ये सुमारे १.४ मायक्रोसेकंदांची पल्स दर ६.७ मायक्रोसेकंदांनी दिसायला हवी.

पल्स संपल्यावर डुलणारी, हळूहळू विरणारी लहर दिसली तर घाबरू नका. लोड कमी असला की कॉइलचा करंट पुढच्या पल्सआधीच शून्यावर येतो आणि रिकाम्या वेळात कॉइल व आसपासचं कपॅसिटन्स मिळून वाजत राहतात. स्कोपचा फ्रिक्वेन्सी काउंटर हे डुलणंही पल्स म्हणून मोजतो, म्हणून आकडा नाचतो. आकड्यावर जाऊ नका, चित्रावर जा.

चित्रात एक रुंद, एक अरुंद, परत एक रुंद, एक अरुंद अशी शिस्तीत अदलाबदल असेल तर तो वेगळा आजार. पीक करंट मोडच्या, म्हणजे कॉइलचा करंट ठरल्या शिखराला पोहोचला की पल्स संपवणाऱ्या आयसींमध्ये पल्स अर्ध्या कालावधीपेक्षा लांब गेली आणि स्लोप कॉम्पेन्सेशन (हे डोलणं दाबायला दिलेली दुरुस्ती) कमी पडलं की असं होतं. उदाहरणार्थ, १५ व्होल्टचे १२ करताना. इनपुट २६-२७ व्होल्टपर्यंत वाढवून बघा, अर्थात आयसी आणि कपॅसिटरला झेपत असेल तरच. अदलाबदल थांबली तर निदान पक्कं. एलएम२५९६ व्होल्टेज मोडवर, म्हणजे करंट न बघता आउटपुटचं व्होल्टेज बघून चालते, तिच्यात हा आजार शोधत बसू नका.

आणि वेगात चालणाऱ्या मॉड्यूलवर एक छोटा हिशोब करा. २४ वरून ३.३ व्होल्ट, फ्रिक्वेन्सी १.५ मेगाहर्ट्झ, तर पल्स फक्त ९२ नॅनोसेकंदांची लागते. आयसीला एवढी छोटी पल्स जमत नसेल तर ती मधल्या पल्स गाळून सरासरी सांभाळते. इथे तोच पार्ट नवा लावून काही होत नाही. फ्रिक्वेन्सी ठरवणारा रेझिस्टर बदलून ती ५०० किलोहर्ट्झवर आणली की पल्स २७५ नॅनोसेकंदांची होते आणि आयसी शांत होते. कॉइल मात्र त्या फ्रिक्वेन्सीला पुरेशी आहे का, ते आधी बघा.

कपॅसिटर

माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांत सगळ्यात जास्त गुन्हेगार हेच निघतात. पत्र्याच्या डब्यात एप्रिल-मेचं ऊन खाऊन इलेक्ट्रोलिटिक आतून सुकतो. वरून फुगत नाही, मीटरवर कपॅसिटन्सही ठीकठाक दाखवतो, पण त्याचा आतला रेझिस्टन्स म्हणजे ईएसआर वाढलेला असतो. इनपुटचा असा झाला तर दर पल्सला आयसीच्या पायाशी व्होल्टेज खड्ड्यात जातं. आउटपुटचा झाला तर रिपल, म्हणजे आउटपुटवरची लहर वाढते, फीडबॅक त्या रिपलमागे धावतं आणि पल्स हलायला लागतात.

सकाळी बिघडणाऱ्या बोर्डांचं कोडंही इथेच सुटतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. थंडीत इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर वाढतो. निरोगी कपॅसिटरला त्याने फरक पडत नाही, पण जो आधीच काठावर आहे तो पहाटे पाय ओढतो आणि दहाच्या उन्हाला परत कामावर येतो. टेबलावर खात्री करायची तर बोर्ड तासभर फ्रिजमध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता तिच्यातून वायरी काढून चालू करा, नाहीतर दव धरेल. दोष दिसला की पिशवीवरून हेअर ड्रायरची कोमट हवा द्या. मिनिटाभरात दोष गेला तर कपॅसिटर बदला.

फ्रिज नको असेल तर आणखी सोपं. सप्लाय बंद करून जुन्या कपॅसिटरला समांतर एक नवा लो-ईएसआर लावा, पाय शक्य तितके आखूड ठेवून. २४ व्होल्टच्या इनपुटला ३५ व्होल्टचा चालतो, पण मी ५० चा लावतो. चित्र स्थिर झालं तर जुना काढून नवा पक्का करा. इनपुटला आयसीच्या अगदी पायाशी सिरॅमिक आहे का तेही बघा, स्वस्त मॉड्यूलमध्ये तो गाळलेला असतो. सिरॅमिकचं व्होल्टेज रेटिंग दुपटीने घ्या. रेटिंगच्या जवळ चालवला तर १० मायक्रोफॅरडच्या छोट्या सिरॅमिकची निम्म्याहून जास्त क्षमता जाऊ शकते.

उत्साही लोकांसाठी एक सूचना. एलएम२५९६ च्या आउटपुटचा इलेक्ट्रोलिटिक काढून तिथे नुसते सिरॅमिक भरू नका. तिचं फीडबॅक थोडा ईएसआर गृहीत धरून बनवलं आहे. तो फारच कमी झाला की ती डोलायला लागते.

प्रीसेट, गंधक आणि फीडबॅकची वाट

मॉड्यूलवरचा निळा मल्टी-टर्न प्रीसेट, म्हणजे स्क्रू फिरवून आउटपुट ठरवायचा रेझिस्टर, हा माझा नावडता पार्ट. आतली घासणारी पट्टी धुळीने आणि थरथरीने उडते, संपर्क क्षणभर तुटतो. त्या क्षणी आयसीला वाटतं आउटपुट शून्य आहे, आणि ती पूर्ण ताकदीने पल्स देते. संपर्क पूर्ण तुटला तर आउटपुट इनपुटच्या जवळ जाऊन पुढचा कंट्रोलर जळू शकतो. म्हणून तपासताना खरा कंट्रोलर काढून ठेवा, सिमेंटचा रेझिस्टर लावा आणि प्लास्टिकच्या काडीने प्रीसेट हलका दाबा. पल्स उडाल्या की निकाल लागला. तो काढा आणि दोन पक्के १ टक्क्याचे रेझिस्टर लावा. एलएम२५९६ ज्याच्याशी फीडबॅक ताडून बघते तो संदर्भ १.२३ व्होल्टचा असतो. खाली १ किलोओहम, वर ३ किलोओहम आणि ६८ ओहम सिरीजमध्ये, की बरोबर ५ व्होल्ट.

बागेतल्या बोर्डांत आणखी एक भानगड असते. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधक मारलं जातं आणि डबा नीट बंद नसेल तर ते आत शिरतं. चिप रेझिस्टरच्या टोकांना धातूच्या टोपीखाली चांदीचा थर असतो. जिथे टोपी आणि वरचं काळं आवरण भेटतं त्या फटीतून गंधक चांदीपर्यंत पोहोचतं. भिंगातून बघितलं तर त्या सांध्यावर काळे, केसाएवढे बारीक काटे उगवलेले दिसतात. ते सिल्व्हर सल्फाइड. रेझिस्टरचे ओहम हळूहळू वाढत जातात आणि शेवटी तो तुटतो. वरचा रेझिस्टर वाढला तर आउटपुट चढतं, खालचा वाढला तर उतरतं. शिवाय फीडबॅकच्या पायाचा रेझिस्टन्स वाढला की तो शेजारच्या कॉइलची गडबड उचलायला लागतो. असे रेझिस्टर बदला, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, सुकवा, वर कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डाचं संरक्षक वार्निश) मारा. फ्लक्सचे चिकट डागही याच धुण्यात जातात. दमट हवेत त्यातून थोडा करंट गळतो आणि फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या पायाला तेवढाही पुरतो.

डायोड आणि कॉइल

डायोडवरचा नंबर वाचा. एसएस३४, एसएस५४ किंवा १एन५८२२ असा शॉटकी, म्हणजे झटकन बंद होणारा डायोड हवा. तिथे १एन४००७ दिसला तर कुणीतरी हाताशी होता तो ठोकला आहे. तो ५० हर्ट्झचा गडी. त्याला बंद व्हायलाच काही मायक्रोसेकंद लागतात आणि इथे अख्खा फेरा ६.७ मायक्रोसेकंदांचा. दर पल्सच्या सुरुवातीला तो शॉर्टसारखा वागतो, आयसीची करंट मर्यादा विनाकारण लागते आणि ती फ्रिक्वेन्सी खाली आणते.

कॉइल तापून सॅच्युरेट होते, म्हणजे तिचा गाभा भरून ती करंट रोखेनाशी होते, तेव्हाही परिणाम तोच. थंड असताना ठीक, दहा मिनिटांनी भटकायला लागली, तर कॉइलवर संशय घ्या. त्याच इंडक्टन्सची, पण जास्त करंटची कॉइल लावा.

आता आयसी

इथवर सगळं ठीक निघालं तरच. बूटस्ट्रॅप पिन (आतला वरचा स्विच चालू करायला जादा व्होल्टेज देणारा पाय, बीएसटी) असलेल्या आयसींमध्ये, एमपी१५८४ धरून, बीएसटी आणि स्विच पिनमधला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आधी बदला. तो अशक्त झाला तर वरचा मॉसफेट, म्हणजे तो स्विच, पूर्ण चालू होत नाही आणि पल्स गळतात. तो आयसीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

एलएम२५९६ असं लिहिलेली आयसी सगळ्या लोडवर ठामपणे ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालत असेल तर ती नाव बदललेली आहे. फ्रिक्वेन्सी स्थिर म्हणून खूश होऊ नका. २४ वरून ५ व्होल्ट आणि ३३ मायक्रोहेन्रीची कॉइल, यात १५० किलोहर्ट्झवर कॉइलचा रिपल करंट ०.८ अँपिअर येतो, ५२ वर तोच २.३ होतो. मग दोन अँपिअरच्या लोडवर शिखर तीनच्या पुढे जातं, मर्यादा लागू शकते आणि तिथून भटकणं सुरू होऊ शकतं. अशा मॉड्यूलमध्ये चांगली आयसी बसवत बसण्यापेक्षा विश्वासाच्या दुकानातून नवं मॉड्यूल आणा.

इथे थांबा

कन्व्हर्टरच्या मागे २३० व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेवरून डीसी देणारा पॉवर सप्लाय) असेल आणि दोष त्याच्यात निघाला, तर डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकतात. स्कोपचा ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेला असतो, तो तिथे चुकीच्या जागी लावला तर स्फोटच. मोटार स्टार्टरच्या थ्री-फेज बाजूला ४१५ व्होल्ट खेळतात. ते काम परवानाधारक वायरमनचं. लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर बोर्डाचं राहू द्या, आधी ती बाजूला करा.

वॉरंटीतलं मशीन, सीएनसीचा ड्राइव्ह, पाय पोटाखाली असलेली आयसी, चार-सहा थरांचा बोर्ड, यांनाही घरच्या सोल्डरिंग आयर्नने हात लावू नका. एकदा पॅड उखडलं की दुरुस्तीचा खर्च दुप्पट. आणि रुंद-अरुंद पल्सचा आजार पक्का झाला असेल, तर पुढचं काम डिझाइन इंजिनिअरचं आहे. कॉम्पेन्सेशनचे रेझिस्टर-कपॅसिटर अंदाजाने बदलून ते सुटत नाही.

तज्ज्ञाकडे बोर्ड देताना सोबत चार ओळी लिहून द्या. मॉड्यूलच्या पायाशी लोडवर मोजलेलं इनपुट, लोड काय आहे, दोष कोणत्या वेळी आणि किती तापल्यावर येतो, आणि तुम्ही काय-काय बदललं. स्कोपच्या चित्राचा फोटो असेल तर तोही द्या, टाइमबेस दिसेल असा. काढलेले जुने पार्ट पुडीत बांधून बोर्डाबरोबरच द्या, कारण त्यावरचे नंबर वाचूनच पुष्कळदा मूळ पार्ट किती ओहमचा किंवा फॅरडचा होता ते कळतं.